एकाच दारातून

आई पहिल्यांदा आमच्याकडे बर्मिंगहॅमला राहायला आली, त्या उन्हाळ्यात मी तिला कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्सला घेऊन गेले. तिथे झाडीत पसरलेलं एक संग्रहालय आहे. वेल्सच्या कानाकोपऱ्यातली घरं, गिरण्या, शाळा, चर्च असं सगळं मूळ जागेवरून क्रमांक घालून उतरवायचं, दगड न् दगड, तुळई न् तुळई, आणि इथे आणून पुन्हा उभं करायचं. १९४८ पासून हे काम चाललंय. आईला संग्रहालयांची फारशी आवड नाही, काचेमागच्या वस्तू बघताना तिचे पाय दुखायला लागतात. पण 'किलेवेंट' नावाच्या एका बुटक्या, लांबट दगडी घरात पाऊल टाकलं आणि ती तिथेच थांबली. आधी तिने खाली जमिनीकडे बघितलं. मग म्हणाली, "अगं, उतार गोठ्याकडे काढलाय. बरोबर आहे. नाहीतर मूत घरात यायचं."

बाहेरचा फलक तिने वाचला नव्हता. इंग्रजी वाचायचा तिला कंटाळा येतो.

किलेवेंट हे मूळचं वेल्सच्या मध्यभागातलं, रॅडनरशर परगण्यातल्या क्लाएरवेन नदीच्या खोऱ्यातलं शेतकऱ्याचं घर. पहिलं घर १४७० च्या सुमाराचं, लाकडी सांगाड्याचं. पुढे ते दगडात बांधून काढलं. दारावर १७३४ हा आकडा कोरलाय तो या फेरबांधणीचा. एकाच लांब छपराखाली एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला गुरं. आत यायची वाट दोघांची एकच. दारातून आत आलं की वरच्या अंगाला चुलीची खोली, खालच्या अंगाला गोठा. अशा घराला वेल्श भाषेत 'टी हीर' म्हणतात, म्हणजे नुसतं 'लांब घर'. सेंट फॅगन्सचे पहिले प्रमुख योरवर्थ पीट यांनी वेल्समधल्या घरांवर लिहिताना हा प्रकार अभ्यासकांच्या नजरेत आणून दिला. त्यांच्या नंतरच्यांनी मग पुष्कळ वाद घातला, की गोठ्यात आतून जाता येत असेल तरच त्याला लांब घर म्हणायचं, की नुसतं एक छप्पर पुरे. मला तो वाद वाचायला आवडतो. पण त्या दिवशी आईने तो एका वाक्यात मिटवला. "रात्री गाय अडली तर पावसात बाहेर जायला नको, म्हणून केलंय."

आजीचं घर रत्नागिरीकडचं, राजापूरच्या अलीकडचं. तिथे गोठा मागच्या पडवीला लागून होता आणि मधलं दार रात्रीही ओढून घेतलेलं नसे. आजी माजघरात त्या दाराकडे डोकं करून झोपायची. गायीचं रवंथ चालू असेपर्यंत तिला गाढ झोप लागे. ते थांबलं की जाग यायची. आईने लहानपणी हे सगळं बघितलेलं आहे, मी त्याचा शेवटचा थोडासा भाग बघितला. एका श्रावणात कंदील धरून मी त्या दारात उभी होते. वासरू बाहेर आलं तेव्हा आजीने आधी त्याच्या नाकातला चिकटा पदराने पुसला, मग स्वतःचे हात. त्या रात्रीचा वास माझ्या अजून डोक्यात आहे. ओला पेंढा, धूर, दूध आणि रक्त. किलेवेंटच्या बोळात तो वास नाही, कसा असेल? संग्रहालयातल्या गोठ्यात गुरं नाहीत. पण आई गव्हाणीपाशी गेली, कडेवर हात फिरवून बघितला आणि म्हणाली, "इथे मानेने घासून गुळगुळीत होतं." तिचा हात बराच वेळ तिथेच होता.

वेल्शमध्ये गोठ्याला 'बेइडी' म्हणतात. 'बी' हा गायीसाठी जुना शब्द, आणि 'टी' म्हणजे घर. गायीचं घर. आपला 'गोठा' संस्कृत 'गोष्ठ'वरून आला, म्हणजे गायी उभ्या राहतात ती जागा. भाषेचे अभ्यासक सांगतात की वेल्शमधली ती 'बी' आणि आपली 'गो' एकाच मुळातून फुटलेल्या आहेत. कित्येक हजार वर्षांपूर्वी कुठेतरी कुणीतरी एकाच शब्दाने गायीला हाक मारली आणि ती हाक एकीकडे क्लाएरवेनच्या खोऱ्यात गेली, दुसरीकडे राजापूरला आली. गुरांना ते 'दा बिउ' म्हणतात, म्हणजे जिवंत धन. आपण पशुधन म्हणतो. हे कळल्यावर मी आईला गाडीतच सांगितलं. तिला फार आश्चर्य वाटलं नाही. "गाय ती गायच," म्हणाली.

किलेवेंटचा मूळ लाकडी सांगाडा कसा असेल ते समजून घ्यायचं तर त्याच संग्रहालयातल्या दुसऱ्या घरात जावं लागतं. त्याचं नाव हेन्ड्रेर-इविद इखाव. हे उत्तरेकडचं, क्लूइड नदीच्या खोऱ्यातलं, १५०८ सालचं. १९६२ पासून इथे बघायला मिळतं. वर गवताचं छप्पर, भिंती कुडाच्या. कूड म्हणतेय तो अगदी आपल्यासारखाच, लाकडी चौकटीत काटक्या विणून वर माती लिंपलेली. खिडक्यांना काच नाही, उभे लाकडी गज. पाच खणांचं घर आहे, त्यातले तीन खण माणसांचे आणि दोन जनावरांचे. 'खण' हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. इंग्रजीतल्या नोंदी वाचताना ते लोक घर कसं मोजतात ते मला नीट कळत नव्हतं. एकदा डोक्यात आलं की हे तर खण आहेत, आणि सगळं घर उलगडलं.

खण पडतात ते लाकडाच्या कमानींमुळे. मुळापासूनच वाकडा वाढलेला ओक शोधायचा आणि उभा चिरायचा. दोन अगदी सारख्या वाकड्या फाका मिळतात. त्यांचे बुडखे दोन बाजूंच्या भिंतींच्या तळाशी टेकवायचे, शेंडे वर आढ्याखाली एकमेकांना भिडवायचे, मध्ये आडवं लाकूड घालायचं आणि सगळं लाकडाच्याच खुंट्यांनी ठोकायचं. अशा दोन कमानींमधली जागा म्हणजे एक खण. छपराचा सगळा भार या फाकांवरून सरळ जमिनीत उतरतो, भिंतीवर काहीच येत नाही. वेल्शमध्ये या कमानीला 'नेनफोर्ख' म्हणतात, 'छपराची बेचकी'. आपल्याकडे मेढ असते तसंच काहीसं, फक्त एका खांबाऐवजी झाडाच्या दोन फाका. सरळ लाकूड बाकी कशालाही चालतं, इथे मात्र वाकडंच लागायचं. सुतार रानात फिरून असं झाड हेरून ठेवत असणार, आपल्याकडे नांगरासाठी बाभळीचा बाक हेरतात तसं.

त्या घरात चूल भिंतीकडे नाही. जमिनीच्या मधोमध, दगडांवर, उघडी. धुराडं नाही. धूर वर जातो, छपराखाली घुटमळतो आणि गवतातून, फटींतून वाट काढतो. आम्ही गेलो तेव्हा जाळ पेटवलेला होता. दोन मिनिटांत माझे डोळे चुरचुरायला लागले आणि आई मात्र खाली उकिडवी बसली. खाली बसलं की धूर लागत नाही, हे तिला ठाऊक होतं. मी उभीच होते. वर काळ्या वाशांकडे बघून ती म्हणाली, "धुराने लाकडाला कीड लागत नाही." शेकडो वर्षांच्या या काजळीवरूनच आता अभ्यासक ओळखतात की एखादं घर मुळात उघड्या चुलीचं होतं. धुराडी आणि वरचे मजले बहुतेक ठिकाणी सोळाव्या-सतराव्या शतकात मागाहून घातले. माळ्यावर चढून बघितलं तर धुराड्याच्या वरच्या वाशांनाही काजळी सापडते, जिथे धूर पोचायचं आता काही कारणच नाही.

आणि लाकूड फक्त काजळीच सांगतं असं नाही. ओल्या वर्षी झाडाचं कडं रुंद वाढतं, कोरड्या वर्षी चिंचोळं. पेन्सिलीएवढा बारीक गाभा पोखरून काढतात, कड्यांच्या रुंदीची ओळ मांडतात आणि आधीच साल माहीत असलेल्या ओळींशी ती ताडून बघतात. सालीलगतचं शेवटचं कडं शाबूत असेल तर नुसतं साल नव्हे, झाड तोडलं तो ऋतूही कळतो. त्या काळी ओक वाळवत ठेवत नसत. वाळलेला ओक लोखंडासारखा होतो, त्याला वाकस लागत नाही. तोडला की ओला असतानाच घडवायचा. म्हणून झाड पडल्याचं साल ते जवळजवळ घर उभं राहिल्याचं साल.

या पद्धतीने रॅडनरशरमधल्याच एका घराचं साल निघालं. घराचं नाव हावोड-ई-गारेग, वाय नदीच्या वरच्या उतारावरचं. त्याचे ओक तोडले १४०२ च्या उन्हाळ्यात. वेल्समधल्या साल ठाऊक असलेल्या सर्वांत जुन्या घरांत त्याचं नाव घेतात. हा आकडा वाचून मी खुर्चीत सरळ होऊन बसले होते. कारण १४०२ चा उन्हाळा म्हणजे ओवेन ग्लिंडूरच्या बंडाचा उन्हाळा. इंग्रज राजाविरुद्ध वेल्समधला हा शेवटचा मोठा उठाव. २२ जून १४०२ रोजी याच रॅडनरशरमध्ये, ब्रिन ग्लासच्या टेकडीवर, ग्लिंडूरच्या माणसांनी इंग्रज फौज कापून काढली. पुढल्या वर्षी इंग्रज राजपुत्राने ग्लिंडूरचं सिकार्थ इथलं घर जाळलं. एका वेल्श कवीने याच घराची तोंड भरून स्तुती केली होती. त्यात धुराडं असल्याचंही त्याने कौतुकाने सांगितलंय, कारण तेव्हा ती श्रीमंतीची खूण होती. सिकार्थचा आता फक्त मातीचा उंचवटा उरलाय.

एकीकडे परगणा पेटलेला, आणि दुसरीकडे त्याच महिन्यांत कुणीतरी टेकडीवर वाकडा ओक चिरत बसलेला. तो कोण होता ते कागदोपत्री नाही. त्याने कुणाची बाजू घेतली होती, त्याचा भाऊ, मुलगा ब्रिन ग्लासला गेला होता का, काहीच नाही. मला तो माणूस वारंवार आठवतो. इतिहासात लढाईची तारीख राहते हे शाळेपासून शिकलो, पण इथे लाकडाने घर बांधणाऱ्याची तारीखही तितक्याच चोखपणे जपून ठेवली.

बंड चालू असतानाच वेल्श लोकांवर कडक कायदे लादले गेले, गावंच्या गावं ओसाड झाली. पण प्लेगने माणसं कमी झालेली होती, जमीन मोकळी पडली होती, गुरांना बाजार होता. पंधराव्या शतकाच्या मध्याला या डोंगरांत एकामागून एक कमानीची घरं उठली. किलेवेंट त्याच लाटेतलं. राजवाडे नव्हेत हे, आणि झोपड्याही नव्हेत. गुरं राखून चार पैसे गाठीला आलेल्या शेतकऱ्याने नातवंडांचा विचार करून बांधलेली घरं आहेत ही. डोंगराच्या उताराला आडवं नाही, उताराच्या दिशेने घर बसवायचं. वरचं टोक डोंगरात खोदून, खालचं टोक भराव घालून. वरच्या टोकाला घरमालकाचं बसायचं मेज, मग चूल, मग वाट, मग गुरं, आणि सगळ्यांत खाली बाहेर जाणारा पाट. आई जमिनीकडे बघून जे पाच सेकंदांत वाचू शकली ते हेच.

याच गोष्टीसाठी या लोकांची पुढे नालस्ती झाली. १८४६-४७ मध्ये इंग्लंडमधून तीन अधिकारी वेल्समधल्या शिक्षणाची पाहणी करायला आले. तिघांनाही वेल्श येत नव्हतं. त्यांच्या निळ्या बांधणीच्या अहवालांत वेल्श लोकांची भाषा, नीती आणि घरंदारं सगळ्यांवर ठपका ठेवलेला आहे. वेल्समध्ये आजही त्याला 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' म्हणतात. जनावरांच्या शेजारी राहणारी माणसं म्हणजे मागास, ही नजर तेव्हापासून पक्की झाली. मला याचा राग येतो, आणि तो फक्त वेल्श लोकांच्या वतीने येत नाही. आमच्या घरचा गोठा आजी गेल्यावर चार वर्षांत पाडला. सगळ्यांनी मिळून ठरवलं. वास येतो, माश्या होतात, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. तिथे आता फरशी घातलेली आहे आणि गाडी उभी राहते. गोठ्याचे खांब सरपणाला गेले. मी तेव्हा पुण्यात होते. कुणी मला विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मीही 'हो' म्हटलं असतं.

म्हणून किलेवेंटच्या त्या १७३४ च्या आकड्यापाशी मी दर वेळी थांबते. ज्याने तो कोरला त्याला जुनं जपायचं नव्हतं. त्याला थंडी वाजत होती, कूड गळत होता, दगड फुकट मिळत होता. त्याने लाकडी घराला दगडाचं अंग चढवलं, स्वतःचं साल घातलं आणि गुरांची जागा गुरांनाच ठेवली. अडीचशे वर्षांपूर्वीचा घराचा बेत त्याला मोडावासा वाटला नाही, कारण तो अजून कामाचा होता. संग्रहालयाने आत सामान मांडलंय ते १७५० च्या सुमाराचं. नजर त्या भांड्यांवर, बाकांवर जाते. मी सोबत कुणाला नेलं की सांगते, आधी घराचा उतार बघा, मग सामान बघा.

तरी एक प्रश्न राहतोच. इतकं टिकलेलं घर आपल्या जागेवरून का उठलं?

याचं उत्तर माझ्या स्वयंपाकघरात आहे. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांच्या वस्तीत पाणी घाण होतं, रोगराई होती. शहराला स्वच्छ पाणी हवं होतं. १८९२ साली संसदेकडून कायदा करून घेऊन बर्मिंगहॅमने एलान आणि क्लाएरवेन या दोन नद्यांचं अख्खं पाणलोट क्षेत्र घेतलं, सुमारे १८० चौरस किलोमीटर. १८९३ ते १९०४ या काळात एलानवर धरणं झाली. शंभरेक माणसांना घरं सोडावी लागली. भरपाई मिळाली ती जमीनमालकांना. कसणाऱ्यांच्या हातात काही पडलं नाही. आपल्याकडे ज्यांची गावं धरणात गेली त्यांना यातलं काहीच नवीन वाटणार नाही. पुढे १९४६ ते १९५२ मध्ये क्लाएरवेनवर धरण बांधलं, ५६ मीटर उंच. आतून काँक्रीट, पण जुन्या धरणांशी मेळ बसावा म्हणून बाहेरून हाताने घडवलेला दगड. खोरं शहराच्या मालकीचं झालं आणि तिथे शेती करून राहणारी माणसं कमी होत गेली. किलेवेंट सेंट फॅगन्सला पुन्हा उभं राहून लोकांसाठी खुलं झालं १९५९ मध्ये.

या मार्चमध्ये मी एकटीच क्लाएरवेनला गेले. रायडर गाव मागे टाकलं की रस्ता धरणांच्या कडेकडेने जातो आणि मग एका गाडीपुरताच उरतो. दोन्ही अंगांना पिवळं पडलेलं गवत, मेंढ्या, वर घिरट्या घालणारी एक तांबूस घार. जुन्या नोंदींत या घराचं पूर्ण नाव सापडतं, किल-ओइर-विन्ट. 'किल' म्हणजे कोपरा, 'ओइर' म्हणजे गार, 'विन्ट' म्हणजे वारा. गार वाऱ्याचा कोपरा. बोलता बोलता लोकांनी त्याचं किलेवेंट करून टाकलं. गाडीचं दार उघडलं तर वाऱ्याने ते माझ्या हातातून ओढूनच घेतलं. मी कॉलर वर करून अर्धा तास खोऱ्यात चालले. गुरांच्या उबेला लागून घर बांधण्याचं कारण तिथे पुस्तकातून समजून घ्यावं लागत नाही, पाठीत शिरतं ते.

तिथलं पाणी ११८ किलोमीटर वाहत बर्मिंगहॅमला येतं. पंप नाही, नुसता उतार. एकूण उतार ५२ मीटर. माणसाच्या चालण्यापेक्षाही कमी वेगाने ते पाटातून, बोगद्यांतून सरकत असतं आणि शहरात पोचायला दीड दिवस लागतो. डोंगरातलं पाणी म्हणून ते मऊ आहे. किटलीत खवले धरत नाहीत. आई आली होती तेव्हा पहिल्याच सकाळी म्हणाली होती की इथल्या चहाला रंग लवकर येतो.

परत आल्यावर दोन दिवसांनी सकाळी चहाचं आधण ठेवत होते आणि तिचा फोन आला. कुठे गेली होतीस, काय बघितलंस, थंडी होती का. मी सगळं सांगितलं. धरण सांगितलं, वारा सांगितला, नावाचा अर्थ सांगितला.

"गुरं होती का गं तिथे?"

"मेंढ्या होत्या."

"ते झालं. गुरं?"

"मला नाही दिसली."

ती जरा थांबली. "मग एवढं पाणी कोण पितं?"

"आम्ही," मी म्हटलं.